शेजारी बसायचं स्टूल

मी स्टूल बोलतंय. आळेफाट्याच्या सुताराने मला बाभळीचं बनवलं, पण पाठ टेकायची सोय काही ठेवली नाही. नारायणगावच्या एका शेतीसल्ल्याच्या ऑफिसात माझी नेमणूक झाली. शेतकरी फोन करून पिकाचं दुखणं सांगायचे, ऑफिसातले उपाय सांगायचे. नवीन माणूस आला की पहिले काही आठवडे त्याने जुन्याच्या शेजारी माझ्यावर बसायचं आणि नुसतं ऐकायचं. खुर्च्या पुष्कळ होत्या, पण शिकवणारं मीच, असा माझा तोरा असायचा.

हर्षाली माझ्यावरच बसून शिकली. शेतकऱ्याचं बोलून झालं की तिला शिकवणारे सावळेरामभाऊ लगेच उत्तर देत नसत. हात वर करून तिला थांबवायचे आणि स्वतःही गप्प राहायचे. मग पलीकडून खरं बाहेर पडायचं, "तसं न्हाई राव, औषध जरा जास्तच पडलं व्हतं."

पुढे ऑफिस बंद झालं. सगळे घरून काम करू लागले. हर्षालीने मला मागून घेतलं आणि वारूळवाडीला घरी आणलं. वाटलं, आता इथे कुणी शिकायला येईल. माझ्यावर पाण्याचा जार आला.

मग तेजस्विनी नोकरीला लागली, घोडेगावला आपल्या घरूनच; हर्षाली तिला फोनवरून शिकवायची. हुशार पोरगी, सगळी औषधं तोंडपाठ. पण शेतकरी अर्ध्यातच फोन ठेवायचे आणि नोकरी काही कायम होईना.

"ताई, माझं चुकतं तरी कुठं?"

"आगं, मानसाला बोलू दे. जरा थांबत जा."

"थांबते की वो."

सांगताना हर्षालीचा हात वर जायचा. तो पाहायला मी एकटंच होतं.

आज पुन्हा तिचा फोन आला. "ताई, मी उद्या राजीनामा देते. तेवढंच सांगायचं व्हतं."

हर्षाली बोलली नाही. पोरीच्या पोटात अजून काही आहे, हे तिने ओळखलं. हात वर गेला, ती थांबली.

"हॅलो? ताई? आवाज येतोय का? रेंज गेली वाटतं."

फोन कटला. हर्षालीने लगेच उलट लावला, तर बंद. जारमधून पेलाभर पाणी पिऊन तिने पुढच्या शेतकऱ्याचा फोन घेतला.

मला फार एकटं वाटतं. तेजस्विनी, घोडेगाव काही लांब नाही. राजीनामा देण्याआधी एकदा ये. जार तेवढा खाली उतरवून ठेव आणि बस.