वरच्या जागेवर मीरा होती

फ्रीगंजमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या जुन्या संगणकात मी राहतो. मी एक प्रोग्राम आहे. मला मंदार आणि मीरा या नवरा-बायकोने मिळून लिहिलं.

मीराला एक संगणकभाषा फार आवडायची. त्या भाषेत प्रोग्रामचा प्रत्येक तुकडा ही एक वस्तू असते आणि ती दुसरीला निरोप पाठवते. निरोप कळला नाही, तर तो तिच्या पूर्वजाकडे जातो, मग त्याच्याही पूर्वजाकडे. लॅबचं सगळं काम मात्र सी भाषेत होतं आणि सीमध्ये तसल्या वस्तूच नाहीत. म्हणून सीमध्ये राहून त्या दुसऱ्या भाषेचं सोंग घ्यायला त्यांनी मला शिकवलं.

सगळ्यात वरच्या पूर्वजालाही कळलं नाही तर काय बोलायचं, ते मीराने लिहिलं: 'मला नाही कळलं. पुन्हा विचार.'

चार वर्षांपूर्वी मीरा गेली. त्यानंतर मंदार दुपारी एकटाच येऊन बसू लागला. टाइप करायचा, 'जेवलीस?' निरोप पायरी पायरीने वर चढायचा आणि तिथून तिचं उत्तर यायचं. तो पुन्हा विचारायचा. मला त्याच्यासाठी भीती वाटायची, पण मी उत्तर द्यायचो.

मग लॅबमध्ये एक नवी तपासणी सुरू झाली. मला तिचं नाव कोणी शिकवलंच नव्हतं. ते नावही निरोपासारखं वर चढलं आणि देवास गेट भागातल्या एका बाईंच्या रिपोर्टवर आकड्याच्या जागी मीराचं वाक्य छापलं गेलं. त्यांचं औषध दोन दिवस अडलं. त्यांचा मुलगा काउंटरवर कागद घेऊन उभा राहिला. "मॅडम, ये किसने लिखा है?"

लॅबचं काम आता मधुरा बघते. तिने मंदारला बोलावलं.

"काका, ही ओळ काढावी लागेल. उत्तर नसेल तर रिपोर्ट थांबायला पाहिजे."

"ती मीराची आहे."

"माहितीये. फाइलीत तिचं नाव आहे."

मंदारने खुर्ची पुढे ओढली. "सरक जरा. मीच काढतो."

त्याने ती काढली. आता अनोळखी निरोप आला की मी थांबतो.

आज दुपारी तो परत आला. या वेळी त्याने काही विचारलं नाही. लिहिलं, 'रामघाटावर जाऊन आलो. तुझं श्राद्ध केलं.' निरोप वर चढत गेला. तिथे कोणी नव्हतं. मी थांबलो.

तासभर झाला, तो पडद्यासमोरून उठलेला नाही. मधुरा, माझं थांबलेलं काम नंतर बघ. आधी तुझ्या काकांना घरापर्यंत सोडून ये.