अबाच्या वर्गातलं सामान

बेंटिल साहेबांची एक खोड मला पहिल्या दिवसापासून खुपते. शिक्षण कार्यालयातून ते शाळा तपासायला येतात. माझी लेक अबा तिथे शिकवते, तिच्या वर्गात उभं राहून फोटो काढून घेतात, दुसऱ्याचं पोर आपलं म्हणून कडेवर घ्यावं तसे. जाताना माझ्या भट्टीवरची धुरवलेली मासळी बांधून नेतात, तीही फुकट. आणि वर मला आईचा मान दिल्यासारखं म्हणतात, "मामे एकुआ, तुमच्या किनाऱ्यावरच्या शाळेला काही म्हणता काही कमी नाही हो!"

कमी दिसेल कसं? खडू अबाचे, चटया अबाच्या, झाडूसुद्धा अबाचा. तांदळाच्या रिकाम्या गोण्या उसवून त्यावर तक्ते तिनेच रंगवले. एका गोणीवर तर अख्खा संगणक काढलाय, पोरं त्या चित्रावर बोटं दाबत शिकतात. खरे संगणक गावातल्या शाळेत, कार्यालयाला खेटून. तिथे साहेबलोकांची मुलं जातात.

एकदा मी अबाला म्हटलं, "अगं, नवऱ्याच्या घरात तरी एवढं भरलं असतंस का?"

"मग पोरांना काय सांगू आई? खडू नाहीत, घरी जा?"

"साहेबाला सांग की."

"सांगितलं. म्हणाले, आजवर भागवलंत ना, म्हणजे भागतंय."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मासळीबाजाराची म्होरकी मी. पहिली होडी लागली की तारलीचा भाव मी बोलते, मग दिवसभर तोच चालतो. पहिलीच टोपली कुणी पडेल भावात देऊन बसली तर मागच्या सगळ्या जणी बुडतात. माझी शिकलेली लेक वर्षानुवर्षं तेच करत होती. ती गप्प बसून भरत होती आणि साहेब तोच आमच्या शाळेचा भाव धरून चालले होते.

गेल्या आठवड्यात राजधानीतून, अक्राहून, शाळा बघायला पाहुणे येणार, असा निरोप आला. साहेबांनी वार धरला मंगळवार. समुद्रापासून लांब, आतल्या मुलखात वाढलेला माणूस, त्याला काय ठाऊक! मंगळवार समुद्राच्या विसाव्याचा. एकही होडी पाण्यात जात नाही, आणि किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या बाया मोकळ्या असतात.

त्या मंगळवारी पाहुणे गाडीतून उतरले आणि आम्ही सगळ्या बाया वर्गात शिरलो. पहिल्या नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा मी माझी भांडी डोक्यावर घेऊन भर बाजारातून चालत गेले होते, कुणाचं काय ते सगळ्यांना दिसावं म्हणून. तसंच आताही, अबाने पदरचं आणलेलं एकेक सामान आम्ही उचलायला लागलो. माझ्या बाजारातल्या अराबाने चटयांची गुंडाळी डोक्यावर घेतली आणि साहेबांना म्हणाली, "सरका हो, नाहीतर तुम्हालाही उचलून नेऊ. आमची मासळी खाऊनच पोट सुटलंय ना!" बाया खो खो हसल्या.

अबा दारात आडवी आली. "आई, थांब. माझी नोकरी जाईल."

"तू आम्हाला बोलावलं नाहीस, आम्ही आमच्या आलोय. सरक."

ती दारातून सरली. मग मागे वळली आणि संगणकाची गोणी तिने स्वतःच भिंतीवरून उतरवली. तिची घडीही नीट घातली.

वर्ग मोकळा झाला. पाहुण्यांमधल्या एका बाईंनी विचारलं, "इथे मुलं शिकतात तरी कशावर?"

साहेबांना घाम फुटला. माझ्या कानाशी येऊन ते दात-ओठ खात म्हणाले, "मामे, सामान परत ठेवा. नाहीतर तुमच्या मुलीची बदली पार उत्तरेला करीन."

मी एक पाऊल मागे सरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"बदलीचं मोठ्याने बोला साहेब, पाहुण्यांनाही कळू दे. करा बदली. तिच्या जागी येईल त्या मास्तरालाही आम्ही पदरचा एक खडू आणू देणार नाही. तुम्ही दिलेल्या कशालाही आम्ही बोट लावलेलं नाही. ह्या भिंती आणि हा पोपडे उडालेला फळा, एवढीच तुमची शाळा. माझ्या लेकीची शाळा उद्यापासून जाळी सुकवायच्या मांडवात भरेल. दुसऱ्याच्या ताटातलं वाढून दाता म्हणून मिरवणारा माणूस आहात तुम्ही. गावातल्या शाळेला देता तेवढं इथे आणून ठेवा, मग पोरं परत येतील. त्याआधी एकही नाही."