सासूबाईंची अ‍ॅलर्जी

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा हा माणूस चारचौघांत अंग खाजवणाऱ्यांतला नव्हता. पण सासूबाई राहायला आल्यावर आठव्या दिवशी त्याच्या हातांवर, मानेवर लाल गांधी उठल्या. बायकोला काही नाही, सासूबाईंनाही नाही. याची मात्र झोप उडाली, खाजवून खाजवून दोन जागी पू झाला. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून हा आपली पाठ दाराच्या चौकटीला घासायचा.

डॉक्टर मोठे पद्धतशीर. त्यांनी विचारलं, "घरात नवीन काय आलंय? साबण, उशी, मांजर?"

"सासूबाई आल्यात," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि कागदावर लिहिलं, 'संशय : सासू. पंधरा दिवस दूर ठेवणे.'

तो कागद सासूबाईंनी दोनदा वाचला. जन्मभर शिवणाचे वर्ग चालवलेल्या बाई, मापाबाहेर बोलायच्या नाहीत. "डॉक्टर म्हणतायत तर जाते," म्हणाल्या, आणि कंबरेसाठी सोबत आणलेली आपली कापसाची गादी गुंडाळून धाकट्या बहिणीकडे गेल्या.

चौथ्या दिवशी जावयाचं अंग लख्ख झालं. डॉक्टर इतके खूश, की त्यांनी एका मासिकासाठी लेख लिहायला घेतला. बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं की जावई सरळ सांगायचा, "सासूची अ‍ॅलर्जी आहे मला." दोघांनी तर डॉक्टरांचा पत्ता मागून घेतला.

तिकडे आठवड्याभरात मावशी आणि त्यांचे यजमान कराकरा खाजवू लागले. डॉक्टरांनी सासूबाईंना दवाखान्यात बोलावलं, समोर तासभर बसवलं आणि स्वतःच्या बाह्या वर सारून वाट पाहिली. काहीच उठलं नाही. 'माझी प्रतिकारशक्ती उत्तम,' अशी त्यांनी नोंद केली.

पुढे मावशींकडे झुरळांचं औषध मारणारी बाई आली. सगळी हकीकत ऐकून तिनं गादीची शिवण उसवायला सांगितली. सासूबाईंनीच ती सफाईनं उसवली. आत काळे ठिपके, टाकलेली कात आणि मसुराएवढे ढेकूण.

"चावतात सगळ्यांना," औषधवाली म्हणाली. "अंगावर उठतं काहींच्याच. तुम्हालाही चावलेत, आजी. जावई झोपायचे का हिच्यावर?"

"रोज दुपारी. जेवून."

गादी गेली, दोन्ही घरांत औषध मारलं, चादरी उकळल्या. डॉक्टरांनी 'सासू' खोडून 'ढेकूण' लिहिलं आणि लेख फाडला. मग जावई सासूबाईंना आणायला गेला.

"येते," त्या म्हणाल्या. "पण आधी अख्ख्या बिल्डिंगला सांगा, ढेकूण होते म्हणून."

"अहो आई, ढेकूण झाले होते असं कसं सांगायचं? लोक काय म्हणतील?"

"सासूचं नाव सांगताना नाही वाटलं, लोक काय म्हणतील?"

रविवारी सकाळी जावई तिन्ही मजल्यांवर दारोदार फिरला. प्रत्येक घरानं तोंड वाकडं करून ऐकलं आणि दार लावून घेतलं. तो जिना उतरू लागला तशी मागची दारं एकेक करून किलकिली झाली आणि खालच्या आवाजात विचारणा आली, "त्या औषधवाल्या बाईंचा नंबर मिळेल का हो?"