काचेआडचा निळा दिवा

मित्रांनो, माझं वय अवघं दोन वर्षं, पण आमच्यात एवढ्या वयाला म्हातारा म्हणतात. मी पाण्यातले जंतू मारणारा अतिनील दिवा आहे. कारखान्यात माझी लांब नळी घडवली, तिच्यात पाऱ्याचा थेंब कोंडला आणि कुसगावच्या एका रिसॉर्टमागच्या खोलीत मला स्टीलच्या नळकांड्यात बसवलं. माझ्याभोवती काच आणि काचेभोवती वाहतं पाणी. न्हाणीघरांचं, संडासांचं सांडपाणी टाक्यांमध्ये निवळून, गाळून माझ्यापाशी येतं. ते स्वच्छ दिसतं, पण जंतू त्यात उरलेलेच असतात. त्यांना माझा प्रकाश निकामी करतो. मग ते पाणी बागेला जातं.

मला श्रीपतीभाऊ सांभाळायचे. दर सोमवारी मला बंद करून ते काच बाहेर काढत आणि लिंबूफुलाच्या आंबट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसत. बागकाम करणाऱ्या नंदाबाई दारातून हसायच्या.

"भाऊ, किती घासताय? लख्ख पेटलाय की!"

"नळकांड्याच्या झरोक्यातनं दिसतोय त्यो निळा उजेड नुसता दाखवायचा, नंदाबाई. खरं काम करतोय त्यो डोळ्यांना दिसतच न्हाई."

"म्हंजी माज्यावानीच!"

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात भाऊ गेले. झोपेतच. त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही. गेटवरच्या बजरंगला सांगितलं, दिवा पेटलाय का तेवढं बघत जा. तो रोज बघायचा. मी रोज पेटलेला असायचो.

खंडेनवमीला बजरंगने मनापासून माझ्या विजेच्या पेटीची पूजा केली आणि झेंडूचा हार घातला. देवाचा हार आपण होऊन पडेपर्यंत काढायचा नाही, म्हणून तो तसाच राहिला. काचेवर पिवळट थर चढत होता. एके दिवशी हाराखालचा लाल दिवा लागला आणि पेटी वाजू लागली. माझा प्रकाश पाण्यापर्यंत पोचत नव्हता.

"लय कटकट करतंय," म्हणत बजरंगने आवाजाचं बटण बंद केलं. लाल दिवा फुलांमागे तसाच जळत राहिला.

आज बोअरची मोटार जळाली आणि शाळेची सहल तर वाटेत होती. कृत्रिम पावसात नाचायला मिळणार, असं मुलांना कबूल केलेलं. व्यवस्थापक धवल सरांनी माझ्या पाण्याचा पाइप त्या फवाऱ्यांना जोडून घेतला.

तेवढ्यात भाऊंची मुलगी तेजल वडिलांचा चष्मा आणि डबा न्यायला आली. खोलीत आल्यावर तिने आधी फडक्याला हात लावला. ते वाळून कडक झालं होतं. तिने हार बाजूला केला.

"काच कधी पुसली होती?" तिने बजरंगला विचारलं. मग ती फवाऱ्यांकडे वळवलेल्या पाइपापाशी उभ्या धवल सरांकडे वळली. "सर, हे पाणी झाडांचं आहे. मुलांच्या अंगावर नका सोडू."

"ताई, दिवा पेटलाय ना? आणि पाणी बघा, किती नितळ आहे!" धवल सरांनी आवाज मऊ केला. "तुमच्यावर काय गुदरलंय ते कळतं मला. बजरंग, ताईंना गेटपर्यंत सोड."

"बाबा असते तर त्यांनी हा व्हॉल्व्ह उघडू दिला नसता," एवढंच ती म्हणाली. चष्मा, डबा तिथेच ठेवून ती धावत निघाली, सहलीच्या बाईंना शोधायला.

मित्रांनो, यंत्र चालू आहे एवढ्यावर जाऊ नका. ते कुणी पुसतं का, विचारा. विचारणाऱ्याला वेडं ठरवू नका.

भिंतीपलीकडे बस थांबली आहे. तेजलच्या हाका ऐकू येतात, पण मुलांचा गलका त्याहून मोठा आहे. इथे व्हॉल्व्हचा दांडा फिरतो आहे. माझ्याशेजारून पाणी वेगाने निघालं, जसं आलं तसंच. मी पूर्ण ताकदीनिशी जळतो आहे आणि माझा उजेड काचेच्या आतच अडला आहे.

ती पोचेपर्यंत, पावसात नाचणाऱ्या मित्रांनो, तोंडं घट्ट मिटून ठेवा, थेंबही आत जाऊ देऊ नका.