गाडी काढा

सहा वाजून दहा मिनिटांनी मी गल्लीतल्या विमावाल्यांची बेल दाबली. कोणी आलं नाही म्हणून पुन्हा दाबली, आणि या वेळी बोट काढलंच नाही.

विमावाले बनियनवरच, डोळे चोळत दारात आले. मला बघून त्यांचं तोंड उतरलं.

"आज पण?"

"गाडी काढा. मला जायचंय."

"अहो बाई, दोन पावलं खाली उतरून गेलात तर काय बिघडणार आहे?"

"आमच्या वन्सं उतरल्या होत्या," मी म्हणाले.

ते किल्ली आणायला आत गेले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या शाळेत शिवण शिकवायच्या, मी पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचायची. दोघींचे नवरे गेल्यावर आम्ही एका घरात राहायला लागलो आणि रोज सकाळी बरोबर चालायला लागलो. चालणं हा माझा तीस वर्षांचा धंदा, त्यामुळे नियम माझे. फूटपाथ असेल तर खाली पाय ठेवायचा नाही. नसेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चालायचं. थंडीत उजाडायला उशीर होतो, तेव्हा अंगात पांढरा स्वेटर हवा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, खाली झाकण आहे की नुसतं भोक ते कोणाला ठाऊक. उन्हाळ्यात शाळेच्या भिंतीची सावली सोडायची नाही. मला चालायला नेतेस की कवायतीला, असं वन्सं विचारायच्या. पण चालण्याची मजा त्यांनाच जास्त कळायची. बेकरीवाल्याने भट्टी कधी पेटवली हे त्या वासावरून सांगत. वळणावरच्या झाडाची पानं तांबडी व्हायला लागली की रोज एकदा तिथे थांबायचंच. कोणाच्या खिडकीतला पडदा उलट्या बाजूने शिवलेला दिसला, तर घरी येईपर्यंत हसायच्या.

गेल्या थंडीत विमावाल्यांनी नवी गाडी घेतली आणि सरळ फूटपाथवर चढवली. हा माणूस लोकांना अपघाताची भीती घालून पोट भरतो, बरं का. त्या सकाळी वन्सं गाडीपाशी थबकल्या. मी पुढे बघितलं, मागे बघितलं नाही, आणि म्हणाले, "उतरा, कोणी येत नाहीये." मागून दुधाचा टेम्पो आला.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. चाला, नाहीतर कायमच्या पडून राहाल, असं डॉक्टरांनी बजावलं. पण वन्संनी खोलीचा उंबरठा ओलांडला नाही. माझ्या मुलाने तर आमचं बाहेर चालणंच बंद करून टाकलं आणि बाल्कनीत चालण्याचं मशीन आणून ठेवलं. मी एक दिवस चालून बघितलं. चाळीस मिनिटं चालून उतरले, तर समोर तीच भिंत. दुसऱ्या दिवशी बूट घातले आणि जाऊन विमावाल्यांची बेल वाजवली.

चिडलेल्या माणसाच्या दारात उभं राहणं मला नवीन नाही. भांडायचं नाही, रडगाणं गायचं नाही, आणि काम झाल्याशिवाय हलायचं नाही. विमावाले आधी गोड बोलले, मग ओरडले. मग त्यांनी बेलची वायर काढली, तर मी छत्रीच्या दांड्याने दार वाजवलं. त्यांनी माझ्या मुलाला फोन केला. मुलगा म्हणाला, "आई, गल्लीत लोक हसतात तुला." मी म्हटलं, हसू देत, हसायला पैसे पडत नाहीत. अख्खा उन्हाळा मी गेले. पावसाळ्यात निथळत गेले. एकही सकाळ चुकवली नाही.

पाऊस संपत आला तेव्हा एक दिवस फूटपाथ मोकळा दिसला. विमावाल्यांनी आवारातली अडगळ हलवून गाडी आत लावली होती. त्यांना पश्चात्ताप वगैरे काही झाला नव्हता, माझा कंटाळा आला होता. मला तेवढं पुरे होतं.

मी धावत घरी आले, पण वन्संनी भिंतीकडे तोंड केलं. "तू जा, वहिनी. माझं चालणं झालं."

मला फार वाईट वाटलं. रस्ता मोकळा करून मी एकटी काय करणार होते? पलंगावर बसले आणि इतके महिने गिळलेलं बोलून टाकलं.

"वन्सं, उतरा असं मी म्हणाले होते. चूक माझी होती. आता तुम्हाला खाली उतरायला लावणार नाही. एकदा चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वन्सं बूट घालून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या.

वॉकर एक पाऊल पुढे, मग त्या एक पाऊल पुढे. शाळेच्या भिंतीपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली. विमावाल्यांच्या फाटकासमोर आलो आणि नेमकी तेव्हाच त्यांची गाडी बाहेर निघाली. त्यांना घाई असावी. त्यांनी हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. वन्संनी वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरला. जरा मागे या, असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं.

"थांबा," वन्सं म्हणाल्या. मला नाही, त्यांना. चाळीस मुलींचा वर्ग गप्प करायचा तोच आवाज.

विमावाल्यांनी इंजिन बंद केलं.

वन्सं फाटकाच्या बरोबर मधोमध आल्या आणि उभ्या राहिल्या. वॉकरवरचा एक हात सुटा केला, मग दुसरा, आणि सावकाश खांद्यावरची शाल नीट केली. ती आधीच नीट होती.