अर्धी टाकी

"परत गळतंय," मदाम इहसान म्हणाल्या आणि रुमालात गुंडाळलेला व्हेप त्यांनी पर्समधून काढून काउंटरवर ठेवला.

उस्ता लुत्फींनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. रुमाल ओला होता. महिन्याभरातली ही तिसरी खेप.

"एकच वस्तू माझ्याकडे तिसऱ्यांदा आलेली नाही, मदाम. चाळीस वर्षांत नाही."

"आता आली," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर चुकल्यावर बाई जशा म्हणतील, तसं म्हणाल्या.

अलेक्झांड्रियाच्या अत्तारीन भागातल्या त्या अरुंद गल्लीत लुत्फींचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करायचे; 'उस्ता', म्हणजे कारागीर, हे नाव तेव्हापासूनचं. मग लोक फोनमध्ये वेळ बघायला लागले आणि सहा वर्षांपूर्वी गल्लीतली पोरं हे बॅटरीवर चालणारे धुराचे डबे, व्हेप, घेऊन त्यांच्याकडे यायला लागली. लुत्फींनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती; पण खोलायचं, पुसायचं, बारीक रबर बसवायचं, हे काम तेच होतं. चिमटा तोच, डोळ्याला लावायचं भिंगही तेच. बायको करीमा म्हणायची, "आधी लोकांचा वेळ सुधारत होतास, आता त्यांची फुप्फुसं बिघडवतोस." लुत्फी म्हणायचे, "बिघडवतात ते. मी फक्त गळती थांबवतो."

ती गळती आता थांबत नव्हती. आणि गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात अधूनमधून थरथरत होता. ही गोष्ट त्यांनी करीमालाही सांगितली नव्हती.

पहिल्या खेपेला मदाम इहसान आल्या होत्या तेव्हा बाहेर समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. साठी उलटलेल्या, काळा कोट, डोक्याला राखाडी रुमाल, हातात मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकेची असते तशी चौकोनी पर्स. अशा बाईच्या हातात व्हेप पाहून लुत्फींना हसू आलं होतं. त्यांनी ते मिशीत लपवलं. उघडून बघितलं तर खालची रबरी रिंग चपटी झालेली, कॉइलच्या तापणाऱ्या तारेभोवतीचा कापूस जळून काळा पडलेला. काचेच्या टाकीत अर्ध्यापर्यंत मधासारखं तपकिरी लिक्विड होतं. टाकी रिकामी केल्याशिवाय गळती सापडत नाही, ही त्यांची पहिली पायरी. ते मागे वळले, लिक्विड मोरीत ओतलं, नळाखाली काच खळखळून धुतली. हात चालू असताना त्यांची जीभही चालू असायची. एका ग्रीक कप्तानाचं समुद्रात पडलेलं घड्याळ त्यांनी कसं जिवंत केलं, ती गोष्ट त्यांनी सांगितली. मदाम मधेच काहीतरी म्हणाल्या, पण नळाच्या आवाजात ते त्यांना नीट ऐकू आलं नाही. नवी रिंग, नवी कॉइल घालून फळीवरच्या बाटलीतलं खरबुजाचं लिक्विड त्यांनी आपल्यातर्फे भरून दिलं. मदाम ते हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि गेल्या.

चार दिवसांनी पुन्हा आल्या. लुत्फींनी आटे तपासले, काचेला टवका उडालाय का ते भिंगातून पाहिलं, रिंग पुन्हा बदलली, टाकी भरून रात्रभर टिपकागदावर उभी ठेवली. सकाळी कागद कोरडा. न्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "त्या दिवशी तुम्ही जे ओतलंत, ते कुठे जातं?"

"मोरीतून गटारात, गटारातून समुद्रात," लुत्फी म्हणाले होते. "या शहरातलं सगळं शेवटी समुद्रातच जातं."

"हो. मी भूगोलच शिकवायचे," असं म्हणून त्या निघून गेल्या होत्या.

आणि आज ही तिसरी खेप.

लुत्फींनी रुमाल बाजूला केला आणि एकेक प्रश्न विचारायला घेतला.

"पर्समध्ये आडवा ठेवता का?"

"उभा. चष्म्याच्या घरात कापूस घालून."

"उन्हात राहतो?"

"या थंडीत ऊन कुठून आणू?"

"टाकी गळ्यापर्यंत भरता?"

"मी भरतच नाही. तुम्ही भरून दिलंत तेवढंच आहे."

लुत्फींनी तळाचा भाग फिरवून काढला. कॉइल लिक्विडमध्ये बुडाल्यासारखी तुडुंब भरली होती, हवेच्या भोकांतून थेंब निथळत होते. पण रिंग शाबूत होती, आटे घट्ट होते. चिमट्याने रिंग उचलताना त्यांचा हात थरथरला, रिंग सुटून खाली पडली. दोघंही वाकून शोधायला लागले. मदामना ती सापडली. त्यांनी ती आपल्या बोटावर ठेवून पुढे केली आणि लुत्फींच्या हाताकडे बघितलं.

लुत्फी स्टुलावर बसले. "मदाम, खरं सांगतो. दोष वस्तूत नाही. माझ्या हातात असेल. रस्त्यापलीकडे नवीन दुकान झालंय, तिथे दाखवा."

"तुमच्या हातात दोष नाही," त्या म्हणाल्या.

"मग कशात आहे?"

लुत्फींना एकदम सुचलं. त्यांनी पुसून, जोडून व्हेप पुढे केला. "एकदा माझ्यासमोर ओढून दाखवा."

मदामनी दाराकडे बघितलं. लुत्फींनी उठून दार लोटलं. मदामनी व्हेप दोन्ही हातांत धरला, ओठांना लावला, डोळे मिटले आणि हळू, लांब श्वास आत ओढला. धूर नाही, लाल दिवा नाही. पुन्हा एकदा. पुन्हा.

"बटण दाबत नाही तुम्ही," लुत्फी म्हणाले.

"नाही."

"अहो, मग गळणारच. बटण दाबलं की तार तापते, लिक्विडची वाफ होते. तुम्ही नुसतंच ओढता. लिक्विड कापसात येतं, तापत नाही, मग खालून वाट काढतं." त्यांना इतकं हलकं वाटलं की ते हसले. "म्हणजे माझे हात ठीक आहेत तर. पण मदाम, वाफ घ्यायची नाही तर ओढता कशाला?"

"वासासाठी," मदाम म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझ्या मुलीचा आहे हा."

मुलीचं नाव निहाल. एकतीस वर्षांची, बंदराजवळच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत कामाला. लग्न केलं नव्हतं, आईबरोबर राहायची. ऑक्टोबरमध्ये तिचा कोट धोब्याकडे देताना खिशात हा डबा सापडला.

"तिचे वडील सिगारेटनेच गेले," मदाम म्हणाल्या. "चार वर्षं त्या घरात मी त्यांचा खोकला ऐकला. मी तिला म्हटलं, ज्या भिंतींनी ते ऐकलं त्यांची तरी लाज धर. ती म्हणाली, मम्मी, ही सिगारेट नाही. मी ऐकून घेतलं नाही. बोलणंच बंद केलं. अकरा दिवस. जेवण झाकून ठेवायचे आणि आपल्या खोलीत जायचे. ती दाराबाहेर उभी राहून म्हणायची, 'मम्मी, मी निघते गं.' मी उत्तर द्यायचे नाही."

"मग?"

"बाराव्या दिवशी ती ऑफिसच्या कामाला कैरोला गेली. वाळवंटी रस्त्यावर मायक्रोबस ट्रकवर आदळली." त्यांनी पर्सची कडी उघडली, बंद केली. "हॉस्पिटलने तिची बॅग दिली. त्यात हा होता. काच फुटली नव्हती. टाकी अर्धी भरलेली होती. त्या सकाळी घरीच भरली असणार. मी स्वयंपाकघरात होते, बाथरूममधून बाटली ठेवल्याचा आवाज आला होता."

लुत्फींनी मागे मोरीकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

"ते मी..."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं."

"पण तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले होते. 'थांबा' म्हणाले होते. तुम्ही त्या कप्तानाच्या घड्याळाचं सांगत होता."

गल्लीतून एक हातगाडीवाला ओरडत गेला. मग मदाम म्हणाल्या, "खरबुजाचा वास तिचा नाही. तरी मी ओढते. तळाशी कुठेतरी तिचं थोडं उरलं असेल, असं वाटतं."

उरलेलं नव्हतं. काच लुत्फींनी स्वतःच्या हातांनी धुतली होती. ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "पहिल्यांदा गळलं, ते कशावर गळलं होतं?"

घरी एक मोजा होता. निहालचा. व्हेप त्यातच ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी मदामनी तो मोजा काचेच्या बरणीत घालून आणून दिला आणि म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत परत पाहिजे."

लुत्फींनी दुकान बंद केलं. असं भर दिवसा त्यांनी वडिलांच्या दफनाच्या दिवशी केलं होतं, त्यानंतर आजच. शहरात व्हेपचं लिक्विड स्वतः बनवणारे चार-पाच जण होते. पहिल्या दोघांनी बरणी हुंगून खांदे उडवले. तिसरा गिर्गिस, पूर्वीचा औषधवाला, टक्कल पडलेला, तोंडाने फटकळ.

"उस्ता, मोजे हुंगायला लावतोस मला या वयात?" म्हणत त्याने झाकण उघडलं, आणि तसाच उभा राहिला.

"पेरू आहे," तो म्हणाला. "पुदिना थोडा. आणि यानसून, बडीशेपेच्या वासाचं ते बी. हे माझं आहे. यानसून कुणी घालून मागत नाही, फक्त एक पोरगी मागायची. कुठे आहे ती? बरेच दिवस आली नाही."

लुत्फींनी सांगितलं. गिर्गिसने छातीवर क्रूस काढला आणि काउंटरमागे जाऊन बाटल्या खाली घ्यायला लागला.

"यानसून का, माहितीये?" पाठमोराच तो म्हणाला. "मी म्हटलं होतं तिला, पोरी, पेरूत यानसून शोभत नाही. तर म्हणते, अंकल, शोभायला नकोय. घरात वास आला तर आईला वाटलं पाहिजे की मी यानसूनचा काढा प्यायलेय."

बाटली तयार झाली. पैशाचं लुत्फींनी काढलं तर गिर्गिसने अशी शिवी दिली की ती कागदावर लिहिता येणार नाही.

बरणी लुत्फींनी संध्याकाळच्या आत पोचती केली. बाटलीचं मात्र दारात उभं राहून सांगता येईना. शुक्रवारी बायकोला घेऊन येतो, एवढंच म्हणाले. त्या रात्री त्यांनी करीमाला सगळं सांगितलं, मोरीचं आणि हात थरथरण्याचंसुद्धा. करीमाने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि दाबत राहिली. "इतका बोलतोस ना तू," एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर दोघं निघाले. करीमाने तांदळाची खीर करून डब्यात घेतली होती. मदाम इहसान चौथ्या मजल्यावर राहायच्या, लिफ्ट बंद होती. वर पोचेपर्यंत करीमाला दम लागला.

दिवाणखान्यात भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता आणि त्याखाली निहालचा फोटो, कोपऱ्याला काळी फीत. मदामनी चहा केला. लुत्फींनी टेबलावर रुमाल पसरला, टाकी उघडली. या वेळी आधी विचारलं, "यातलं काढू?"

"काढा."

त्यांनी खरबुजाचं लिक्विड एका रिकाम्या शिशीत काढून झाकण लावलं. नवी कॉइल, तिच्या कापसावर गिर्गिसच्या बाटलीतले पाच-सहा थेंब, नवी रिंग, मग टाकी अर्ध्यापर्यंत. हात एकदाच थरथरला. करीमाने काच धरून ठेवली. "कापूस भिजायला दहा मिनिटं लागतील," ते म्हणाले. त्या दहा मिनिटांत त्यांनी यानसूनचं सांगितलं.

मदाम ऐकत होत्या. शेवटी त्यांच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला.

"मला वाटायचं तिचं पोट बिघडतं," त्या म्हणाल्या. "ती इतका यानसून पिते म्हणजे पोटच बिघडत असणार. वर्षभर मी तिला उकडलेले बटाटे खायला घातले. आणि ती गप खायची."

करीमाने तोंडाला पदर लावावा तसा डोक्यावरच्या रुमालाचा शेव लावला.

"झालं," लुत्फी म्हणाले. "आता ऐका मदाम. वासच हवा असेल तर ही बाटली आहे, ती उघडून हुंगा. यातून नुसतं ओढाल तर पुन्हा गळेल. माझ्याकडे त्यावर उपाय नाही."

"आणि दाबलं तर?"

"दाबलं तर गळणार नाही."

मदामनी व्हेप घेतला. बराच वेळ अंगठा बटणावर नुसता ठेवला. मग दाबला. काचेत बारीक बुडबुडे उठले, चुरचुर आवाज झाला. त्यांना जोराचा ठसका लागला आणि तोंडातून, नाकातून पांढरी वाफ बाहेर पडली. पेरूचा आणि यानसूनचा वास खोलीभर झाला. करीमा उठायला लागली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ठसक्याचं की कशाचं, कळायला मार्ग नव्हता.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. वाफ नकाशावरून वर चढत होती, विरत होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. "एवढ्याशासाठी मी अकरा दिवस तिच्याशी बोलले नाही."

लुत्फींच्या तोंडाशी काही शब्द आले. ते त्यांनी गिळले.

खोलीत वाफ झाली म्हणून मदाम सवयीने उठल्या, खिडकीशी गेल्या आणि कडीला हात घातला. तशाच उभ्या राहिल्या. मग कडी सोडली, पडदा नीट ओढून घेतला आणि परत येऊन करीमाच्या शेजारी बसल्या.