उष्टं ताट

लग्न झाल्यापासून जमुनाबाई नवऱ्याच्या उष्ट्या ताटातच जेवायची. तो तिचा हक्कच होता. पण धनीरामला कोरोना झाला, तसा तो जाळी ठेवायच्या खोलीत वेगळा राहू लागला. म्हणाला, "माझ्या ताटाले हात नको लावू."

मग ते ताट चाटायची त्याची लाडकी मांजर, झिंगी. रोहूचे काटे काढून तो तिला भरवायचा आणि दारातून बघणाऱ्या जमुनाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आठवड्याभरात झिंगी शिंकू लागली. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "माणसाचा कोरोना मांजरीलाही होतो. तुमचाच लागला असेल."

धनीराम रडवेला झाला. "बरं झालं, तुले नाही लागला."

"कायचं बरं?" जमुनाबाई कडाडली. "रोग बी देला त तिलेच देला तुमी!"